किट नसलं तरी प्लास्मिड निघतं, आणि चांगलं निघतं

बडोद्यातल्या विज्ञान शिक्षकांच्या आणि एमएस्सीच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बॅक्टेरियातून प्लास्मिड डीएनए (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या लहान डीएनए कड्या) काढायची जुनी अल्कलाइन पद्धत कालबाह्य झाली, किटमध्ये म्हणजे विकतच्या तयार संचात नवं रसायन असतं. हाताने बनवलेल्या द्रावणांतून निघालेला डीएनए एन्झाइमने कापला जात नाही आणि सिक्वेन्सिंगला, म्हणजे त्याचा क्रम वाचायलाही, चालत नाही. त्यात प्रथिनं काढायला फिनॉल वापरावंच लागतं. नॅनोड्रॉपवर (डीएनए किती प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) 1.8 आला की डीएनए शुद्ध. शेवटी सल्ला दिलाय की किट परवडत नसेल तर व्हिडिओ दाखवून प्रात्यक्षिक उरकावं. मी पदवीच्या मुलांची हीच प्रात्यक्षिकं घेते. हा सल्ला कॉलेजांनी मानला तर पहिल्यांदा पिपेट धरणाऱ्या मुलांचं नुकसान होईल, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

नव्या रसायनापासून सुरुवात करू. अल्कलाइन लायसिस, म्हणजे अल्कलीने पेशी फोडण्याची ही पद्धत, बर्नबॉइम आणि डोली यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलं. आजच्या बहुतेक किटांतही पेशी फोडणाऱ्या दुसऱ्या बाटलीत सोडियम हायड्रॉक्साइड आणि एसडीएस हे साबणासारखं द्रव्यच असतं, तिसरीत पोटॅशियम ॲसिटेट. वेगळेपण त्यापुढे येतं. किटमध्ये ग्वानिडिनसारख्या क्षाराच्या मदतीने डीएनए सिलिकावर चिकटवतात, आपण तो आयसोप्रोपॅनॉलने खाली बसवतो. आणि काचेच्या भुकटीवर डीएनए चिकटवण्याची वोगेलस्टाइन आणि गिलेस्पी यांची पद्धतही 1979 चीच आहे. वयावरून एकीला जुनी आणि दुसरीला नवी ठरवायचं कारण नाही.

डीएनए कापला जात नाही, ही तक्रार मात्र खरी असते. दोष द्रावणं कुठे बनली याचा नसतो, ती कशी वापरली याचा असतो. दुसरं द्रावण घातलं की पेशी फुटतात आणि ट्यूबमधला गढूळ रस्सा पारदर्शक होऊन भेंडीसारखा तार धरतो. त्या अल्कलीत गुणसूत्राचे दोन्ही धागे सुटे होतात. प्लास्मिडचेही होतात, पण ते बंद कड्या असल्यामुळे एकमेकींत अडकूनच राहतात. तिसऱ्या द्रावणाने अल्कली उदासीन झाली की प्लास्मिडचे धागे झटकन पुन्हा जुळतात. गुणसूत्राचा गुंता होतो आणि तो प्रथिनं आणि पोटॅशियम व एसडीएस मिळून बनलेल्या पोटॅशियम डोडेसिल सल्फेटच्या पांढऱ्या लगद्याबरोबर खाली जातो. इथे दोन चुका होतात. एक म्हणजे व्होर्टेक्स, म्हणजे ट्यूब यंत्रावर जोरात घुसळणं. गुणसूत्राचे तुकडे झाले की ते प्लास्मिडबरोबर वरच्या पाण्यातच राहतात. म्हणून ट्यूब चार-सहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करायची, बस्स. दुसरी चूक वेळेची. दुसऱ्या द्रावणात पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवलं तर काही प्लास्मिड कायमचं बिघडतं. ते जेलवर सुपरकॉइल्डच्याही (पीळ बसलेल्या नेहमीच्या प्लास्मिडच्याही) पुढे पळतं आणि एन्झाइम त्याला कापू शकत नाही. या दोन्ही चुका किट वापरतानाही होतात, कारण तिथेही द्रावण तेच.

आमच्याकडे जानेवारीच्या सकाळी आणखी एक गोष्ट दिसते. रात्रीच्या गारठ्यात एसडीएस बाटलीच्या तळाशी पांढरं होऊन बसतं. तसंच वापरलं तर पेशी अर्धवट फुटतात, डीएनए कमी येतो आणि खापर पद्धतीवर फुटतं. बाटली कोमट पाण्यात धरून द्रावण स्वच्छ होईपर्यंत फिरवायची. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून कमजोर होतं, तेव्हा हे द्रावण शक्यतो त्याच दिवशी बनवलेलं बरं. शेवटी 70 टक्के इथेनॉलने पेलेट (तळाशी बसलेला डीएनएचा गोळा) धुवून तो नीट सुकवायचा. क्षार राहिला तर एन्झाइम अडतं, इथेनॉल राहिलं तर नमुना जेलच्या खाचेत न बसता वर तरंगून जातो. सिक्वेन्सिंगसाठी हाच डीएनए पॉलीएथिलीन ग्लायकॉलने पुन्हा खाली बसवून घेतला की काम होतं. स्वयंचलित सिक्वेन्सिंग आलं तेव्हा हीच पद्धत सर्रास वापरात होती.

फिनॉलचा मुद्दा लवकर संपतो. ते त्वचा भाजतं, मुलांच्या हाती देऊ नये, हे कबूल. पण डीएच5अल्फासारख्या स्ट्रेनमधून (बॅक्टेरियाच्या वाणातून) फक्त कापून तपासण्यापुरतं प्लास्मिड काढायचं असेल तर त्याची गरजच पडत नाही. एचबी101 सारख्या स्ट्रेनमध्ये एंडोन्यूक्लिएज हे डीएनए तोडणारं एन्झाइम शाबूत असतं, तिथे जास्तीची काळजी लागते. किटवाल्यांनाही अशा स्ट्रेनसाठी एक जादा वॉश करावाच लागतो. तेव्हा आधी स्ट्रेन बघा.

1.8 च्या आकड्यावर मुलं सर्वांत जास्त फसतात. 260 आणि 280 नॅनोमीटरच्या शोषणाचं हे गुणोत्तर फार तर प्रथिनं किती उरलीत याचा अंदाज देतं. आरएनएचं गुणोत्तर 2.0 च्या आसपास येतं आणि तोही 260 लाच शोषतो, म्हणजे आरएनएने भरलेला नमुना भरघोस उत्पन्न आल्यासारखा वाटतो. गुणसूत्राचा डीएनए मिसळला असेल तर आकडा 1.8 च राहणार, कारण तोही डीएनएच. आम्लधर्मी पाण्यात मोजलं तर हेच गुणोत्तर खाली घसरतं. खरं काय ते एक टक्का अगरोज जेल दाखवतं: तळाशी धूसर पट्टा असेल तर आरएनए, वर खाचेजवळ जाड बँड असेल तर गुणसूत्र. शेजारच्या खाचेत एकाच जागी कापणाऱ्या एन्झाइमने कापलेला नमुना ठेवा. योग्य आकाराचा एकच बँड आला की मग त्या डीएनएवर विश्वास ठेवा. आरएनए काढायला आरएनएज ए घालायचं, पण त्याचा साठा आधी उकळून घ्यायचा. आरएनएज टिकतं, सोबतचं डीएनए तोडणारं डीएनएज मरतं.

किट जिथे खरंच हवं ती जागाही सांगते. प्लास्मिड सस्तन प्राण्यांच्या पेशींत घालायचं असेल तर बॅक्टेरियाचं एंडोटॉक्सिन हे विषारी द्रव्य काढावं लागतं, आणि साध्या मिनिप्रेपने (अशा छोट्या प्रमाणातल्या काढणीने) ते पुरेसं निघत नाही. त्या कामासाठी एंडोटॉक्सिनमुक्त किट घ्यावं. साधं कॉलम किट तिथे घरच्या द्रावणांइतकंच अपुरं पडतं. पदवीच्या वर्गाला मात्र मुख्यतः कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड), एसडीएस, पोटॅशियम ॲसिटेट, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, आयसोप्रोपॅनॉल, इथेनॉल, आरएनएज ए आणि एक लहान सेंट्रिफ्यूज लागतं. यातलं बहुतेक सामान कॉलेजच्या स्टोअरमध्ये आधीच पडलेलं असतं.