सिनेमा न बघता कसा बघावा

गावात वादग्रस्त सिनेमा लागला की सांगलीकराची काही कर्तव्यं असतात. ती पार पाडताना गेल्या आठवड्यात बऱ्याच जणांची धांदल उडालेली बघितली. नेमकी कुठली भावना दुखवून घ्यायची हे काहींना वेळेवर आठवेना, काही जण चुकून हसून बसले, एकदोघं तर तिकीट काढून आत जाऊन आले. पुढच्या वेळी अशी आबाळ होऊ नये म्हणून हे मार्गदर्शन. सिनेमाचं नाव लिहीत नाही. नाव वाचलं की पुढचं न वाचताच तुम्ही मला कुठल्या पक्षाकडून पाकीट येतं ते शोधायला लागाल.

तर पहिलं म्हणजे, सिनेमा बघू नका. बघितल्यानं मत बिघडतं. ट्रेलरसुद्धा पूर्ण बघायची गरज नाही. फॅमिली ग्रुपवर ‘आता तरी जागे व्हा’ असं डोक्यावर लिहून एक क्लिप येते, तेवढी पुरते. ती क्लिप भलत्याच सिनेमाची आहे असं एखाद्या भाच्यानं दाखवून दिलं, तरी माघार घ्यायची नाही. ‘मुद्दा तो नाहीये’ असं लिहायचं, खाली हात जोडायचे, आणि भाच्याच्या नोकरीचं काय झालं ते विचारायचं.

दिग्दर्शकाचं आडनाव बघा. कथा नंतर, वेळ उरला तर.

आता समजा, मेव्हण्यानं आधीच तिकिटं काढून ठेवल्यामुळं नाइलाजानं आत जावंच लागलं. तर दिवे मालवल्यावर जा, सोबत चार वर्षांचं पोर न्या, आणि बाहेर आल्यावर ‘लहान मुलांवर काय संस्कार होणार’ असं विचारा. पडद्यावर यूए १६+ चं, म्हणजे सोळाखालच्यांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचं, प्रमाणपत्र दाखवतात तेव्हा आपण मोबाईलचा उजेड पाडून जागा शोधत असतो, त्यामुळं ते दिसलं नाही असं सांगता येतं.

हसण्याच्या बाबतीत मात्र फार सांभाळून. विनोद कसा आहे ते बघायचं नाही, कुणावर आहे ते बघायचं. हे माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या काकांकडून शिकण्यासारखं आहे. पन्नाशी उलटलेली, पांढरा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर काकूंची पर्स आणि पर्सवर पॉपकॉर्नचा डबा. सिनेमात एक पुढारी गावातल्या एकाच हातपंपाचं तीनदा उद्घाटन करतो. एकदा खासदार निधीतून, एकदा आमदार निधीतून, एकदा जिल्हा परिषदेतून. पंपाला पाणी नाहीच. तिसऱ्या वेळी कार्यकर्ता पाठीमागं दडून तांब्यानं पाणी सोडतो आणि टाळ्या पडतात. काका असे हसले की निम्मे पॉपकॉर्न माझ्या चपलेत. ओळखदेख नसताना माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, “आमच्याकडं टाकीचं अगदी आसंच झालंय बघा!”

मध्यंतर झालं. काका वडा खाऊन आले. मध्यंतरानंतर तोच पुढारी पक्ष बदलतो. गळ्यातल्या उपरण्याचा रंग बदलला, बाकी काही नाही. तोच पंप, तोच तांब्या, चौथं उद्घाटन. काका एकदम गप्प. मग खाकरले. मग म्हणाले, “हे जरा जास्तच कराय लागलेत.” आणि खिशातून मोबाईल काढून, पूर्ण ब्राइटनेसवर, पडद्याचं शूटिंग सुरू केलं. मी म्हटलं, “काका, मोबाईल खाली घेता का? मागच्यांना दिसत नाही.” तर म्हणाले, “पुरावा नको काय?” मागच्या रांगेतून कुणीतरी शुक् केलं, तसे काका उभे राहिले आणि ओरडले, “बंद करा हे पिक्चर!” त्यावर काकूंनी पर्स ओढून घेतली आणि म्हणाल्या, “बसा की ओ गप. तिकिटाचे पैसे दिल्यात.” अख्ख्या सिनेमातला तो सगळ्यात खणखणीत संवाद, आणि तो पडद्यावर नव्हता.

जाता जाता काकांसाठी: २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर थिएटरात असं शूटिंग करणाऱ्याला ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड होऊ शकतो. पुरावा झकास तयार झालाय, फक्त कुणाविरुद्ध ते एकदा वकिलाला विचारून घ्या.

पण मला सांगा, पंपाला पाणी नाही ही गोष्ट उपरणं बदलल्यावर पावन कशी झाली? तीन वेळा तुम्हीच पोट धरून हसलात. चौथ्यांदा तोच माणूस, तेच भाषण, आणि तुमची श्रद्धा जागी झाली? तुमच्या गल्लीत आठवड्यातनं किती दिवस पाणी येतं ते काकूंना विचारा. असो. आपण मार्गदर्शन करत होतो.

निवेदन. याला पर्याय नाही. निवेदन हे सिनेमा न बघितलेल्यांनीच द्यायचं असतं, बघितलेल्यांना बरोबर नेलं तर मजकूर लांबतो. ‘समस्त सांगलीकरांच्या वतीने’ असं लिहा. समस्त सांगलीकरांना विचारत बसू नका, त्यांना कामं असतात. निवेदन कसं दिलं त्यापेक्षा फोटो कसा आला याला महत्त्व आहे. परवाच्या फोटोत एकच कागद, आणि अंतरपाट धरावा तसा तो सात जणांनी धरलेला. एकाचं तर नुसतं बोट टेकलेलं. पलीकडं थिएटरचा मॅनेजर, बिचारा, कॅमेऱ्याकडं बघून कागद घेतोय. मागच्या पोस्टरवर तोच पुढारी उपरणं सावरत उभा आहे, आणि दुसऱ्या रांगेतले एक कार्यकर्ते हुबेहूब तसंच उभे आहेत. ही मांडणी फोटोग्राफरनं मुद्दाम केली असेल तर त्याला माझा नमस्कार.

याचा फटका कुणाला? मला. आईला हा सिनेमा दाखवायचा होता. तिला असलं चावटपण फार आवडतं. संध्याकाळच्या खेळाची दोन तिकिटं काढून ठेवली. आई साडी बदलून, गुडघ्याला तेल लावून तयार. तेवढ्यात मोबाईलवर निरोप, ‘अपरिहार्य तांत्रिक कारणामुळे खेळ रद्द.’ तांत्रिक! प्रोजेक्टर उत्तम होता हो, मीच बघून आलो होतो. तिकिटाचे पैसे परत आले, कन्व्हिनियन्स फी आली नाही. दुखावलेल्या भावना त्यांच्या, गैरसोय माझी, आणि सोयीचे पैसेही मीच भरायचे.

१९८९ साली एका तमिळ सिनेमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की निदर्शनांच्या, मोर्च्याच्या किंवा हिंसेच्या धमकीपोटी अभिव्यक्तीचा गळा दाबता येणार नाही, आणि चिडलेल्या जमावाला आवरता येत नाही ही सबब सरकारनं सांगायची नाही. हे ज्यांना माहीत आहे त्यांनी चारचौघांत बोलू नये. निवेदनाचा एक कागद पुरतो म्हटल्यावर निकालपत्र कोण वाचतंय?

सिनेमाच्या बाजूचे असाल तर तुमच्यासाठीही सोय आहे. तुम्हीही बघू नका. ‘असं बोलायला धाडस लागतं’ एवढं लिहा आणि तिकिटाचा फोटो लावा. माझ्या एका मित्रानं ‘दशकातला सर्वात महत्त्वाचा सिनेमा’ असं स्टेटस ठेवलं. शेवट कसा वाटला विचारलं तर म्हणतो, “मध्यंतरात निघालो रे, उद्या लवकर उठायचं होतं.” शेवट फसलाय, हे त्याला कळणार कसं? पहिला भाग चटपटीत आहे. दुसऱ्या भागात हिरो स्टेजवर चढतो आणि तास, भाषणाचा अख्खा तास. विनोद दाराबाहेर जाऊन उभा राहतो. पण हे कुठं बोलायची सोय नाही. ‘शेवट रटाळ आहे’ म्हटलं की एक बाजू टाळ्या पिटते, दुसरी विकला गेला म्हणते. सिनेमा जमलाय का फसलाय, एवढा साधा प्रश्न अख्ख्या आठवड्यात मला एकानंही विचारला नाही.

आणि पाच नोव्हेंबरला विसरू नका. रंगभूमी दिनाला नटराजपूजनाला पुढच्या रांगेत बसा. आपली सांगली म्हणजे नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच सीता स्वयंवर उभं केलं. शेजारच्या हरिपूरच्या देवलांनी १८९९ च्या ‘शारदे’त बोहल्यावर चढणाऱ्या म्हाताऱ्यांची अशी टर उडवली की म्हातारे तोंड लपवत फिरले असतील. याच सांगलीत जन्मलेल्या खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ आणलं. पौराणिक नाटक, इंग्रज व्हाइसरॉय कर्झनचं नावही नाही. तरी कीचक कोण ते प्रेक्षकाला कुणी कानात सांगावं लागलं नाही. सरकारलाही कळलं आणि १९१० साली त्यांनी बंदी घातली. निदान त्या साहेबानं नाटकाचा अर्थ लावला, मग बंदी घातली! तुमच्याकडून तेवढंही होत नाही. कवलापूरचे तमासगीर काळू-बाळू हवालदार होऊन बोर्डावर उभे राहायचे, आणि बंदोबस्ताला आलेले खरे हवालदार सगळ्यात आधी हसायचे, असं आमचे आजोबा सांगायचे. त्यातल्या कुणी निवेदन दिल्याचं ते कधी बोलले नाहीत.

परवा रात्री मला एक मेसेज आला. त्या फोटोतल्या, बोट टेकलेल्या सद्गृहस्थांचा. “दादा, त्या पिक्चरची लिंक असली तर टाका की. काय दाखवलंय ते बघू तरी.”

बास झालं आता. लाज वाटत नाही का हो? दोनशे माणसांची संध्याकाळ घालवलीत, मॅनेजरला घाम फोडलात, माझ्या आईला तयार होऊन घरात बसवलंत, आणि आता चोरीची लिंक मागताय? फुकटात? एवढीच उत्सुकता होती तर खिशात हात घालायचा होता. रांगेत उभं राहायचं, तिकीट काढायचं, वेळेवर जाऊन शेवटपर्यंत बसायचं. नाही आवडला तर बाहेर येऊन शिव्या घाला, मीही घालीन, शेवटाबद्दल तर आधी मीच घालीन. खटला भरावासा वाटला तर भरा, कोर्ट उघडं आहे. पण मी काय बघायचं आणि माझ्या आईनं कशाला हसायचं हे तुम्ही ठरवणारे कोण? तुम्हाला निवडून कुणी दिलं? आणि काका, तुम्ही पुन्हा आलात तर मोबाईल बंद करून बसा. सायलेंटवर नाही, बंद.