बाळाला कोण सांभाळणार, ते आधी बोला

मुलींच्या लग्नाचं वय १८ वरून २१ करण्याचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आलं, समितीकडे गेलं आणि ती लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. तरी बीडला फोन केला की आजही हाच वाद कानावर येतो. वय वाढवा, भटजीपासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांवर गुन्हे दाखल करा. बालविवाह थांबलेच पाहिजेत, यात माझं दुमत नाही. पण जिचं लग्न होऊन गेलं, जिच्या कडेवर सहा महिन्यांचं लेकरू आहे, त्या सतरा वर्षांच्या पोरीच्या शाळेचं काय?

अशा मुली थोड्या नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या जवळपास ४४ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती, परभणीत ४८ टक्के.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला सोळा वर्षांपुढच्या मुलांच्या कॉलेजात काम करते. इथे वीस वर्षांखालची आई शिकायला आली, की 'केअर टू लर्न' योजनेतून सरकार तिच्या बाळाच्या पाळणाघराचे पैसे भरतं. आठवड्याला १८० पौंडांपर्यंत, लंडनमध्ये १९५. पैसे थेट पाळणाघराला जातात. गरोदर आहे म्हणून मुलीला शाळेतून काढणं २०१० च्या समानता कायद्याने बेकायदा आहे. एवढं असूनही काही मुली गळतात. रात्रभर बाळ रडलेलं, सकाळी ते तापलेलं, पाळणाघर घेत नाही आणि घरात दुसरं माणूस नाही. माझ्या पाहण्यात ज्यांची आई किंवा मावशी हाकेच्या अंतरावर राहते, त्याच बहुधा परीक्षेपर्यंत टिकतात.

आता हेच बीडमध्ये बघा. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मुकादमाची (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीवर मिळते. पोरीचं लग्न लवकर उरकण्यामागे हेही एक कारण असतं. दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या निघतात. सासू धडधाकट असेल तर तीही उसाच्या फडात जाते. अंगणवाडीत बसायला मूल तीन वर्षांचं व्हावं लागतं, त्याआधी शिधा तेवढा घरी मिळतो. मग बाळ फडाच्या कडेला झोळीत आणि आई मोळ्या बांधायला. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून देता येते, ही सोय चांगलीच आहे. पण पुस्तक उघडायला लागणारे दोन तास ती कुठून आणणार?

त्यात पॉक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरोधी कायद्याची, भीती. अठराच्या आतली गरोदर मुलगी आली की डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, म्हणून घरचे तिला दवाखान्यापासूनही लपवतात. मग शाळेच्या दारात तिला कोण उभं करणार?

इंग्लंडची योजना उचलून बीडमध्ये बसणार नाही, हे मलाही दिसतं. इथे पुन्हा कॉलेजात यायचं की नाही हे मुलगी स्वतः ठरवते. तिकडे ते सासू ठरवते, आणि सासूचा हिशोब उचलीवर चालतो. म्हणून मदत त्या घराच्या हिशोबात बसेल अशीच हवी. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी जी हंगामी वसतिगृहं चालतात, तिथे तान्ह्या बाळासह आईलाही जागा द्या. माध्यमिक शाळेच्या आवारात सहा महिन्यांपासूनच्या बाळांचं पाळणाघर काढा. आणि ती शिकते आहे तोवर तिच्या अर्ध्या कोयत्याची मजुरी त्या घराला सरकारने द्यावी.