मेटल इलेक्ट्रोड म्हणजे नुसती तार नव्हे

टायट्रेशन, म्हणजे नमुन्यात माहीत असलेल्या तीव्रतेचं द्रावण थोडंथोडं सोडून त्यातला पदार्थ मोजणं, शिकायला प्रयोगशाळेत नव्याने आलेल्याला हमखास ऐकवलं जातं: "मेटल इलेक्ट्रोडचं काम एवढंच, व्होल्टेज मीटरपर्यंत पोचवायचं. प्लॅटिनम घे, कशातही चालतं. पीएच इलेक्ट्रोडसारखं रोज बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने) कॅलिब्रेट कर. बाकी धातूच तो, त्याला काय होणार?" या सल्ल्यापायी कितीतरी चांगले नमुने वाया जातात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

प्लॅटिनम कशातही चालतं? नाही. ते द्रावणातल्या ऑक्सिडीभवन-क्षपणाच्या जोडीचं (एकाच पदार्थाची इलेक्ट्रॉन गमावलेली आणि कमावलेली रूपं, जसं फेरिक-फेरस लोह) विभव, म्हणजे व्होल्टेज, दाखवतं. फेरस लोह सेरिक सल्फेटने टायट्रेट करताना हेच हवं असतं. पण क्लोराइडमध्ये सिल्व्हर नायट्रेट सोडताना बीकरमध्ये तशी ठरलेली जोडीच नसते, त्यामुळे रीडिंग भरकटतं. तिथे चांदीच लागते, कारण तिचा पृष्ठभाग द्रावणातल्या सिल्व्हर आयनांशी थेट देवघेव करतो. आयन दहापट वाढले की २५ अंश सेल्सिअसला विभव सुमारे ५९ मिलिव्होल्टने चढतं. हिशोब करून पाहा: क्लोराइड ०.००१ मोलर जास्त असतानापासून चांदी तेवढीच जास्त होईपर्यंत साधारण २२० मिलिव्होल्टची उडी मिळते. धातू इथे निरोप्या नाही, अभिक्रियेतला भागीदार आहे. (नमुन्यातलं पाणी मोजायच्या कार्ल फिशर पद्धतीत दोन प्लॅटिनम पिना असतात, पण त्यांतून मुद्दाम बारीकसा प्रवाह सोडलेला असतो. मोकळं आयोडीन उरलं की व्होल्टेज कोसळतं. तो प्रकारच वेगळा.)

बफरने कॅलिब्रेशन? चांदी किंवा प्लॅटिनम पीएच मोजायला नसतातच. एंड पॉइंट, म्हणजे अभिक्रिया पुरी झाल्याची खूण, आपण व्होल्टेजच्या वक्राच्या सर्वांत तीव्र चढावर धरतो. सगळा वक्र २० मिलिव्होल्ट वर सरकला, तरी उडी ब्यूरेटच्या त्याच आकड्यावर येते. ठरावीक मिलिव्होल्टवर थांबत असाल तर मात्र हे सरकणं महाग पडतं. तपासायचंच असेल तर वाळवून तोललेलं शुद्ध सोडियम क्लोराइड टायट्रेट करा.

आणि "धातूला काय होणार"? ओळीने क्लोराइडचे नमुने लावा आणि चांदीची रिंग जवळून बघा. चकाकी जाऊन राखाडी-पांढुरका थर बसलेला दिसेल. रीडिंग स्थिरावायला वेळ लागतो, चढ बोथट होतो, आणि यंत्र एंड पॉइंट उशिरा पकडतं. ओल्या कापडावर ॲल्युमिनाची बारीक पूड घेऊन हलक्या हाताने घासा, धुवा. तोच वक्र पुन्हा ताठ उभा राहतो. प्लॅटिनम जास्त फसवं. परमँगनेट किंवा डायक्रोमेटमध्ये त्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो, तेलकट नमुन्याचा लेप बसतो, तरी डोळ्यांना ते लखलखीतच दिसतं.

धातू साफ करूनही क्लोराइडचा आकडा थोडा जास्तच येत असेल, तर शेजारच्या रेफरन्स इलेक्ट्रोडकडे (ज्याच्या स्थिर विभवाशी तुलना करून रीडिंग मिळतं) बघा. त्यातलं पोटॅशियम क्लोराइड नमुन्यात झिरपतं आणि तेही टायट्रेट होतं. बाहेरच्या कप्प्यात पोटॅशियम नायट्रेट भरलेला, दुहेरी जंक्शनचा रेफरन्स लावा.