चौथ्या पिढीचा आय७ की सातव्या पिढीचा आय३? घरच्या मीडिया पीसीवरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार. तुम्ही मुद्देसूद लिहिलं आहे, तेव्हा उत्तरही मुद्द्यांनाच देतो.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: टीव्हीला जोडायला आणि घरातल्या सगळ्यांना सिनेमे पुरवायला स्वस्त संगणक हवा असेल, तर इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय७ प्रोसेसर असलेला टॉवर सोडून सातव्या-आठव्या पिढीचा आय३ असलेला वापरलेला छोटा ऑफिस पीसी घ्यावा, असं मी म्हटलं होतं. तुमचे आक्षेप असे: त्याच पैशात चौथ्या पिढीचा, आठ थ्रेडचा (एकाच वेळी आठ कामं पेलणारा) आय७-४७७० मिळतो, मग आय३ का? तुमच्याकडे तो व्हीएलसी प्लेअरवर ४के फाइल व्यवस्थित चालवतो. कमी पडलंच तर जीटी ७१० हे ग्राफिक्स कार्ड टाकता येतं. एव्ही१ हा नवा व्हिडिओ फॉरमॅट आल्यावर सातवी पिढीही जुनीच ठरणार. आणि मुळात टीव्हीत खोचायच्या तीन-चार हजारांच्या स्टिकवर सगळं होत असताना हा खटाटोप कशाला?

पहिल्या दोन आक्षेपांचं उत्तर एकच आहे. सिनेमा चालवण्याचं काम प्रोसेसरच्या कोअरनी करायचंच नसतं. ते ग्राफिक्समधल्या वेगळ्या व्हिडिओ सर्किटचं काम आहे, आणि ते सर्किट कुठले फॉरमॅट उघडू शकतं हे पिढीवर ठरतं, आय३-आय५-आय७ या नावावर नाही. चौथ्या पिढीचं सर्किट एच.२६४ हा जुना फॉरमॅट उत्तम उघडतं, पण त्यानंतरचा एचईव्हीसी त्याला येत नाही. सहाव्या पिढीत ८-बिट एचईव्हीसी आलं. १०-बिट (रंगांच्या जास्त छटांचं) एचईव्हीसी आणि व्हीपी९ पूर्णपणे हार्डवेअरमध्ये, म्हणजे त्या सर्किटमध्येच, आले ते सातव्या पिढीत. आजच्या जवळजवळ सगळ्या ४के एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या) फाइल १०-बिट एचईव्हीसी असतात आणि यूट्यूबचं ४के व्हीपी९ किंवा एव्ही१मध्ये येतं. म्हणून सातव्या पिढीचा साधा पेंटियम जी४५६० या कामात आय७-४७७०च्या पुढे आहे.

तरी तुमच्याकडे ४के चालतं, हे खरं असणार. ४७७०मध्ये एव्हीएक्स२ (आकडेमोड झपाट्याने करणाऱ्या सूचनांचा संच) आहे, आणि सेकंदाला २४ फ्रेमची मध्यम बिटरेटची (दर सेकंदाला मध्यम डेटा लागणारी) फाइल तो नुसत्या कोअरच्या जोरावर ओढून नेतो. हे तपासायचं असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू निवडा आणि फाइल चालू असताना ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख बघा. तो शून्याजवळ आणि सीपीयू बराच वर असेल, तर सगळा भार प्रोसेसर वाहतोय. मग ६० फ्रेमची फाइल लावा, किंवा ६०-७० मेगाबिटची. तिथे फ्रेम गळू लागतील आणि पंख्याचा आवाज संवादांच्या वर जाईल. शिवाय या पिढीचं एचडीएमआय १.४ दर्जाचं आहे: ४केला सेकंदाला ३० फ्रेमच्या पुढे जात नाही, आणि एचडीआरची माहिती टीव्हीपर्यंत पोहोचवत नाही. २४ फ्रेमचा सिनेमा दिसेल, पण माउस फिरवताना आणि मेन्यू सरकवताना अडखळ जाणवत राहील.

जीटी ७१०बद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण दुकानात हेच कार्ड सर्रास गळ्यात मारलं जातं. ‘दोन जीबी ग्राफिक कार्ड’ ऐकायला भारी वाटतं, पण ही चिप एनव्हिडियाच्या जुन्या केप्लर घराण्यातली आहे. एचईव्हीसी तिलाही येत नाही आणि तिचंही एचडीएमआय १.४च आहे. जीटी ७३०ची कथा तीच. म्हणजे पैसे जातात आणि अडचण जिथे होती तिथेच राहते. टॉवर आधीपासून घरात असेल आणि तोच वापरायचा असेल, तर किमान जीटी १०३० शोधा. ते १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ उघडतं, एचडीएमआय २.० देतं आणि ३० वॅटच्या आत राहतं. त्याच्यात मात्र एन्कोडर (फाइल नव्या फॉरमॅटमध्ये बनवणारं सर्किट) नाही. टीव्हीला थेट जोडून बघायला चालेल; दुसऱ्याच्या फोनसाठी फाइल बदलून पाठवण्याचं काम पुन्हा प्रोसेसरवर येईल.

हे ‘बदलून पाठवणं’, म्हणजे ट्रान्सकोडिंग, तुम्ही अनावश्यक म्हणता. एकच टीव्ही आणि एकच केबल असेल तर ते खरोखरच लागत नाही. पण घरातले व्हिडिओ सगळ्या यंत्रांवर पुरवणारा जेलीफिनसारखा सर्व्हर बसवला की ते न बोलावता येतं. ब्राउझरला एचईव्हीसी चालत नसेल, कोणी गावाहून मोबाइल डेटावर बघत असेल, किंवा सबटायटल चित्ररूपात असतील (ब्लू-रेवरची असतात), तर सर्व्हरला फाइल नव्याने बनवावी लागते. सातव्या-आठव्या पिढीचं क्विक सिंक (त्या व्हिडिओ सर्किटचं इंटेलचं नाव) हे काम सहज करतं आणि प्रोसेसर निवांत राहतो. जेलीफिनमध्ये त्यासाठी पैसे नाहीत. प्लेक्स या तशाच सर्व्हरमध्ये हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला प्लेक्स पास हे सशुल्क सदस्यत्व लागतं.

लिनक्सवर जेलीफिन बसवताना दोन ठिकाणी हमखास अडतं. एक, जेलीफिनचा यूजर ‘रेंडर’ ग्रुपमध्ये नसला तर त्याला ग्राफिक्स चिपला हातच लावता येत नाही. दुसरं, सेटिंगमध्ये फॉरमॅटच्या यादीत सगळ्याच चौकटींवर टिचकी मारली जाते. सातव्या पिढीवर एव्ही१ची चौकट चालू ठेवली की ती फाइल सुरूच होत नाही आणि दोष मात्र नेटवर्कला दिला जातो. मराठी सबटायटल बघणाऱ्यांनी एक जास्तीचं काम करावं: सर्व्हरवर नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट टाकावा. तो किंवा दुसरा कुठलाही देवनागरी फॉन्ट नसेल, तर चित्रात छापल्या जाणाऱ्या सबटायटलमध्ये अक्षरांऐवजी चौकोन येतात.

एव्ही१चा तुमचा मुद्दा योग्य आहे, फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. एव्ही१ डिकोड इंटेलच्या मुख्य मालिकेत अकराव्या पिढीपासून आणि स्वस्त गटात एन१००, एन९५ वगैरेंपासून मिळतं. नवा पीसी घेणार असाल तर एन१०० घ्या, त्यात वाद नाही: चार कोअर, ६ वॅटची चिप, रोजच्या वापरात जवळजवळ बिनआवाजी. पण जाहिरातीत ‘मिनी पीसी, ४के’ असं लिहून एन४०२०, जे४१२५, एन५०९५ विकले जातात, त्यांत एव्ही१ नाही. नाव अक्षरन् अक्षर वाचा. स्टोरेज एसएसडी आहे की ईएमएमसी, हेही विचारा. ईएमएमसी बोर्डालाच चिकटवलेलं असतं, बदलता येत नाही.

जुन्या पिढीवर यूट्यूब एव्ही१ पाठवत असेल, तर फायरफॉक्सच्या प्रगत सेटिंगमध्ये एव्ही१ बंद करता येतं. मग यूट्यूब व्हीपी९ पाठवतं आणि ते सातवी पिढी हार्डवेअरमध्ये उघडते.

सातवी पिढी मी मुद्दाम सुचवतो, कारण व्हिडिओच्या बाबतीत ती आणि आठवी सारखीच आहे. विंडोज ११ मात्र अधिकृतपणे जवळपास आठव्या पिढीपासूनच चालतं, आणि विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे ऑफिसांतून सातव्या पिढीची यंत्रं बाहेर पडतात आणि आठवीपेक्षा कमी भावात जातात. तुम्ही लिनक्स टाकणार असाल तर हा फरक थेट तुमच्या खिशात राहतो. विंडोजच हवं असेल तर आठवी घ्या, आय३-८१००टी पुरे. इथे एक धोका आहे: सहावी आणि सातवी पिढी एकाच खोक्यात, एकाच किमतीला ‘सिक्स्थ-सेव्हन्थ जेन’ म्हणून विकली जाते. पूर्ण क्रमांक मागा. आय५-६५००टी म्हणजे सहावी, आय५-७५००टी म्हणजे सातवी.

विजेचं गणित तुम्ही किरकोळ म्हणून सोडलंत, पण चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरला ते किरकोळ नाही. एक वॅट वर्षभर चालू राहिला की ८.७६ युनिट होतात. समजा टॉवर नुसता चालू असताना ४० वॅट घेतो आणि मिनी (म्हणजे तो छोटा ऑफिस पीसी) १०. फरक ३० वॅटचा, म्हणजे वर्षाला साधारण २६३ युनिट. दर लावताना बिलातला सरासरी दर घेऊ नका. ही युनिटं तुमच्या शेवटच्या स्लॅबमध्ये पडतात, आणि महावितरणच्या बिलात वहन आकार वेगळा लागतो तोही धरा. सगळं मिळून १० रुपये धरले तरी वर्षाला अडीच हजारांच्या वर जातात. दोन-तीन वर्षांत स्वस्त टॉवर महाग पडतो. सर्व्हर रात्री झोपवून ठेवणार असाल तर हा हिशेब अर्थातच सौम्य होतो.

मिनी घेताना मात्र पुढच्या गोष्टी तिथेच तपासा, मग ते लॅमिंग्टन रोडवरचं दुकान असो की ऑनलाइन विक्रेता. अॅडॉप्टर मूळचाच आणि पूर्ण वॅटचा हवा. डेलची यंत्रं अॅडॉप्टर ओळखतात आणि ओळख पटली नाही तर प्रोसेसरचा वेग खाली आणतात, मग सगळं सुस्त का हे कळत नाही. बायोसला (यंत्र सुरू होताना पहिलं चालणाऱ्या सॉफ्टवेअरला) आधीच्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, हे चालू करून बघा. वायफाय कार्ड आणि अँटेना बऱ्याचदा नसतात. आत साधारण एक २.५ इंची डिस्क आणि एक एम.२ एसएसडी मावते. मोठी ३.५ इंची डिस्क बाहेरच्या केसमध्ये, स्वतःच्या अॅडॉप्टरसकट लावावी लागते, कारण तिला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबी पोर्ट ५च देतो. रॅम ८ जीबी भरपूर झाली.

टीव्हीला जोडताना होणारी चूक वेगळी सांगायला हवी. या पिढीच्या बहुतेक मिनींचं एचडीएमआय अजून १.४च आहे, पण डिस्प्लेपोर्ट (चित्र पाठवायचं दुसरं कनेक्शन) १.२ आहे. त्यातून ४के ६० फ्रेम मिळतात, अट एवढीच की कन्व्हर्टर ‘ॲक्टिव्ह’ (स्वतःची चिप असलेला) आणि एचडीएमआय २.०चा असावा. शंभर-दीडशे रुपयांचा साधा कन्व्हर्टर फार तर ३० फ्रेमवर थांबतो, आणि मग लोक पीसीला नावं ठेवतात. या मार्गाने एचडीआरवर विसंबू नका. एचडीआर टीव्ही असेल तर एन१०० घ्या, किंवा मिनीला फक्त सर्व्हर ठेवून चित्र टीव्हीच्या अॅपला चालवू द्या. टीव्हीच्या रिमोटने पीसी चालेल अशीही अपेक्षा नको. इंटेलच्या एचडीएमआयमधून त्यासाठी लागणारं सीईसी मिळत नाही. ती सोय रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात आहे, पण पाय ५ला हार्डवेअरमध्ये फक्त एचईव्हीसी उघडता येतं आणि एन्कोडर अजिबात नाही, म्हणून सर्व्हर म्हणून तो मी सुचवत नाही.

राहिली स्टिक. नेटफ्लिक्स, प्राइमसाठी स्टिकच चांगली, आणि तेच मी कोणालाही सांगेन. लिनक्सच्या ब्राउझरमध्ये या सेवा कमी रिझोल्यूशनवर अडवतात, कारण तिथे वाइडवाइनची (व्हिडिओच्या चोरीविरोधी कुलपाची) खालची पातळीच मिळते. पण स्टिकमध्ये तुमचे चार टेराबाइटचे व्हिडिओ मावत नाहीत, आणि आईच्या फोनवर तेच व्हिडिओ पोहोचवणं तिचं काम नाही. स्टिक टीव्हीला आणि मिनी राउटरजवळ लॅन केबलला, ही जोडी मला सगळ्यांत पटते. दोन्ही वायफायवर टाकू नका. जास्त बिटरेटची फाइल एका खोलीतून दुसरीत जाताना तिथेच अडते.

तुमचा टॉवर घेऊन झाला असेल तर लगेच विकायची घाई नको. फाइल मुख्यतः एच.२६४ असतील आणि टीव्ही १०८०पीचा असेल, तर ४७७० पुढची काही वर्षं मजेत काढेल. टीव्हीचा मॉडेल क्रमांक आणि फाइल कुठल्या फॉरमॅटच्या आहेत (व्हीएलसीत टूल्समधल्या ‘कोडेक इन्फर्मेशन’मध्ये दिसेल) एवढं खाली लिहा, म्हणजे कार्ड घ्यावं की यंत्र बदलावं हे नेमकं सांगता येईल.