‘पाचशे किलोमीटर चालवा, प्लग आपोआप बसतील’ म्हणे!

नवे स्पार्क प्लग (पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडणारे) आणि त्यांना व्होल्टेज पुरवणारी कॉइल टाकल्यावर गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे एखादा सिलिंडर चुकून झटके देऊ लागली, तर काय करायचं, याचा सात कलमांचा एक मेसेज सध्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. वर मथळा: ‘गॅरेजवाले हे कधीच सांगणार नाहीत.’ बरोबरच आहे, शहाणा गॅरेजवाला हे सांगणारच नाही. माझ्या भाचीने तो वाचला आणि चेक इंजिनची लाईट लुकलुकत असताना नाशिकहून पुण्याला निघायचं ठरवलं. कारण पहिल्याच कलमात तसं लिहिलंय.

ते कलम असं: ‘नव्या प्लगना बसायला ५०० किलोमीटर लागतात. तोवर झटके येतील, लाईट लुकलुकेल, दुर्लक्ष करा.’

प्लगमध्ये बसायचं काय असतं? ब्रेक पॅड डिस्कवर घासून बसतात, क्लच प्लेट बसते. प्लगमध्ये घासणारा भागच नाही. फोर-स्ट्रोक इंजिन २,००० आरपीएमवर असताना प्रत्येक प्लग मिनिटाला १,००० वेळा स्पार्क देतो. ताशी ५० च्या वेगाने ५०० किलोमीटर म्हणजे १० तास, म्हणजे ६ लाख स्पार्क. पहिल्या शंभरात जो प्लग चुकतोय तो सहा लाखांनंतर सुधारेल, याला काही आधार नाही. या समजुतीचं मूळ बहुधा जुन्या काळात आहे. काजळी धरलेला प्लग लांब पल्ल्यावर तापला, साधारण ४५०-५०० अंशांच्या वर गेला, की काजळी जळते आणि गाडी जरा सुधारते. पण ते काजळलेल्या प्लगचं झालं, डब्यातून काढलेल्या कोऱ्या प्लगचं नाही.

आणि ती लाईट. स्थिर पेटलेली लाईट म्हणजे ‘लवकर दाखवून घ्या’. लुकलुकणारी लाईट म्हणजे ‘मिसफायर (हेच ते मिसिंग) इतका आहे की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरची धूर स्वच्छ करणारी जाळी, जाईल’. ज्या सिलिंडरमध्ये स्पार्क चुकतो तिथलं पेट्रोल आणि हवा न जळता सायलेन्सरच्या वाटेला लागतात आणि कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतात. तिथलं तापमान हजार अंशांच्या पुढे जाऊ शकतं. आधी जाळीवरचा मौल्यवान धातूंचा थर निकामी होतो, मग जाळीच वितळून वाट बुजते आणि गाडीचा पिकअप कायमचा जातो. त्यात न जळलेला ऑक्सिजन बघून ऑक्सिजन सेन्सर ‘पेट्रोल कमी पडतंय’ असं कळवतो, मग ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणखी पेट्रोल सोडू शकतो. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन निघतं ते वेगळंच. चार प्लगच्या पैशात मिटणारी गोष्ट कन्व्हर्टरच्या बिलावर नेऊन ठेवायचा हा उपाय. लाईट लुकलुकतेय तर ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या, बस्स.

दुसरं कलम याहून धोक्याचं: ‘इंजिन चालू ठेवून एकेक कॉइल उपटा. ज्याने आवाज बदलत नाही तो सिलिंडर मेलेला.’ यात अर्धं खरं आहे, मान्य. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल नव्हती, प्लगला तारा जायच्या, तेव्हा मिस्त्री असंच शोधत. पण आजची कॉइल ३०-४० हजार व्होल्ट देऊ शकते. प्लगवरून उचलली की तो दाब वाट शोधतो: कॉइलच्या आतलं इन्शुलेशन फोडून, ईसीयूतल्या कॉइल चालवणाऱ्या सर्किटला दणका देऊन किंवा तुमच्या हातातून. पेसमेकर असलेल्या माणसाने तर जवळही उभं राहू नये. नव्या कॉइलचा बळी देऊन जुना दोष शोधायचा, ही कसली तपासणी!

हेच काम विना धोका होतं. गाडीतले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर किंवा ब्लूटूथचा स्वस्त डोंगल लावा. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, तसं पुढे. पी०३०० म्हणजे एकाहून जास्त सिलिंडर किंवा जागा बदलणारा मिसफायर. पहिला सिलिंडर बहुतेक इंजिनांत टायमिंग चेनच्या बाजूचा असतो, तरी मॅन्युअलात बघून घ्या. समजा पी०३०१ आला. चावी बंद, इंजिन थंड. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल अदलाबदल करा, बाकी कशालाही हात लावू नका. कोड पुसा, चढावर थोडं रेटून चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल खराब, नवी असली तरी. (म्हणून जुनी कॉइल लगेच भंगारात देऊ नये, ती परत लावून बघता येते.) पी०३०१ तसाच राहिला तर आता प्लगची अदलाबदल. तरीही हलला नाही तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), आणि शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. एका वेळी एकच बदल.

अर्थात अदलाबदलीआधीही एक गोष्ट. गाडी कामाआधी ठीक होती आणि कामानंतर बिघडली, तर ज्याला हात लागला तिथेच आधी बघायचं. कॉइलच्या कनेक्टरचं लॉक ‘टक’ वाजलंय का? उष्णतेने ही लॉकं कडक होऊन तुटतात आणि कनेक्टर नुसता टेकून राहतो. एअर फिल्टरचा बॉक्स काढताना व्हॅक्यूमचा पाइप निसटलाय का? ओळखायची खूण सोपी: पाइप निसटला असेल तर मिसिंग आयडलवर (रेस न देता इंजिन चालू असताना) जास्त आणि रेस दिल्यावर कमी. स्पार्कचा दोष याच्या उलट, तो लोड पडला की वाढतो. प्लगच्या तारांची जुनी गाडी असेल तर तारा उलटसुलट लागल्यात का? चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२.

प्लग काढून उजेडात धरा. पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी उभी रेघ दिसली, तर स्पार्क टोकाला न जाता बाहेरून पळतोय. प्लग आवळायचा पाना (सॉकेट) तिरका झाला की चिनीमातीला केसासारखी भेग पडते, तिथून हे सुरू होतं. तशीच रेघ कॉइलच्या रबरी बूटच्या आतही असते, आणि जुना बूट नव्या प्लगवर चढवला की काही दिवसांत नवा प्लगही डागाळतो. बूटही बदला. प्लगच्या धातूच्या षटकोनाच्या वर तपकिरी गोल कडं दिसलं तर मात्र घाबरू नका, ते निरुपद्रवी असतं. प्लगच्या खड्ड्यात ऑइल असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग किंवा प्लग ट्यूबचे सील गेलेत. पाणी असेल तर बहुधा कुणीतरी इंजिनवर प्रेशरचा पाइप मारलाय. कोकणातल्या पावसाला उगाच दोष देऊ नका.

तिसरं कलम: ‘आट्यांना भरपूर ग्रीस लावा आणि पूर्ण जोराने आवळा.’ इथे प्लग बनवणाऱ्या एनजीके कंपनीच्या सूचना वाचाव्यात, त्या एकट्या पुरेशा आहेत. त्यांच्या प्लगवर गंजरोधक मुलामा असतो, आट्यांना काहीही लावू नका असं ते स्पष्ट सांगतात. लावलं तर टॉर्क रेंचवर (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यावर) तोच आकडा दिसत असताना प्लग २० टक्क्यांपर्यंत जास्त आवळला जाऊ शकतो. ॲल्युमिनियम हेडसाठी त्यांचे आकडे: १४ मिमीच्या प्लगला २५-३० न्यूटन मीटर, १२ मिमीला १५-२०, १० मिमीला फक्त १०-१२. टॉर्क रेंच नसेल तर वॉशरचा नवा १४ मिमी प्लग बोटांनी पूर्ण बसवून मग अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. वॉशर नसलेला, उतरत्या बुडाचा प्लग फक्त एक सोळांश फेरा. ‘पूर्ण जोर’ लावलात तर आटे जातील, नाहीतर प्लगचं कवच ताणून आतलं सील सैल होईल. सैल ठेवला तर प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि तो भलताच तापतो. ग्रीसचा एकच खरा उपयोग: सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस, बूटच्या आतल्या कडेला पातळ बोट फिरवल्याइतकं. मेसेजवाल्याने बहुधा हेच कुठेतरी अर्धवट ऐकलंय.

‘गॅप वाढवला की स्पार्क दमदार.’ गॅप म्हणजे प्लगच्या टोकाची फट, जिच्यातून स्पार्क उडतो. ती वाढली की व्होल्टेजची मागणी वाढते, आणि कॉइल कमी पडली की लोडवर स्पार्कच पडत नाही. मॅन्युअलातला आकडा पाळा. इरिडियम प्लगचं मधलं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतं. पॉलिश पेपर घासला किंवा त्याला टेकू देऊन गॅप वाकवला तर ते तुटतं. खाली पडलेला प्लगही गॅप मोजल्याशिवाय लावू नये.

‘नंबर महत्त्वाचा नाही, आटे जुळले की झालं.’ झालं म्हणजे इंजिनचं झालं! आट्यांची लांबी जास्त असलेला प्लग पिस्टनला लागू शकतो. प्लग स्वतःची उष्णता किती लवकर सोडतो (लवकर सोडणारा थंड, सावकाश सोडणारा गरम) हे सांगणारा क्रमांकही कंपनीनुसार उलटा असतो: एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम. नंबर नुसता ‘जवळचा’ बघून घेऊ नका.

‘बॅटरीची तार १० मिनिटं काढा, दोष जातो.’ कोड जातो, दोष नाही. कोडसोबत त्या क्षणाचा वेग, लोड, तापमान यांची नोंदही पुसली जाते, म्हणजे मेकॅनिकच्या हातातला पुरावाच गेला. तार परत लावल्यावर आयडल थोडा वेळ वरखाली होतो, कारण ईसीयू नव्याने शिकत असतो. तेवढं खरं आहे. पण झटके आणि लुकलुकणारी लाईट त्यात मोडत नाहीत.

राहिलं सातवं: ‘पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर मिसिंग असेल तर किट खराब.’ किटवर खर्च करण्याआधी एवढं समजून घ्या की सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे वाढलेला गॅप, भेगाळलेला प्लग, दमलेली कॉइल, फाटका बूट हे सगळं आधी सीएनजीवर उघडं पडतं, तेही तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चढ चढताना. प्लग बदलल्यावरच हे सुरू झालं असेल तर गॅप मोजा, बूट बघा, कॉइलची अदलाबदल करा. एवढं करूनही पेट्रोलवर गाडी स्वच्छ चालत असेल आणि सीएनजीवरच अडखळत असेल, तर मग गॅस फिल्टर आणि गॅस इंजेक्टर तपासायला द्या.