टेरेसच्या आठवणींचा उमाळा

दर मोसमात इंग्लिश फुटबॉलवाल्यांचं तेच रडगाणं: टेरेसवर, म्हणजे स्टेडियममधल्या बिनखुर्च्यांच्या पायऱ्यांवर, उभं राहायची मजा गेली! कसली मजा? 1989, शेफील्डचं हिल्सबरो स्टेडियम. दाराबाहेर गर्दी तुंबली म्हणून 2:52 ला 'सी' गेट उघडलं. आत बोगदा, 6 फुटांना 1 फूट उतार. पुढे कुंपणांनी कप्पे पाडलेलं टेरेस, मैदानालगतही कुंपण. मागून रेटा आल्यावर माणूस जाणार कुठे? मधल्या कप्प्यातला लोखंडी कठडा मोडला, 97 जीव गेले. बाजूच्या कप्प्यांत मात्र मोकळी जागा!

त्यानंतर मोठ्या स्टेडियममध्ये टेरेस जाऊन खुर्च्या आल्या. आणि म्हणे खुर्च्यांमुळे तिकीट महागलं. खुर्च्या बसवा म्हणणाऱ्या टेलर अहवालातच (हिल्सबरोच्या चौकशीचा) ग्लासगोच्या आयब्रॉक्स स्टेडियमचे तेव्हाचे दर आहेत: बसून 6 पौंड, उभ्यानं 4. पुढचे भाव क्लबांनी चढवले, खुर्च्यांनी नव्हे.

उभंच राहायचंय ना? 2022 पासून परवाना मिळालेल्या स्टेडियममध्ये रेलिंगवाल्या खुर्च्या आहेत. माणशी एक जागा, दर रांगेपुढे कठडा, त्यामुळे रेटा पुढे सरकत नाही. राहा की खुशाल!