झटके मारले की इंजेक्टर चोक? आधी तपासा तरी

जुन्या पेट्रोल गाड्यांबद्दलचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पंधरा-वीस वर्षांची एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारी) गाडी मिसिंग मारायला, म्हणजे झटके द्यायला लागली, पिकअप गेला, अ‍ॅव्हरेज पडलं किंवा सकाळी सेल्फ लांबायला लागला, की इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा सोडणारे नोझल, चोक झाले समजा. दर दहा हजार किलोमीटरला ते साफ करून घ्या. तोवर टाकीत थोडं रॉकेल ओता, बॅटरीची वायर काढून ठेवा म्हणजे ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) रिसेट होईल. आणि चेक इंजिनचा दिवा लागत नसेल तर सेन्सर ठणठणीत आहेत, तिकडे पैसे घालू नका.

मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. पण इंजेक्टर साफ करणं ही दुरुस्ती आहे, निदान नाही. 2000 साली युरोच्या धर्तीवरचे नियम आले, त्यानंतर कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन घेऊन आलेल्या मारुती 800, ऑल्टो, झेन अशा गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्यांच्यावर या सल्ल्याने नाहक खर्च होतो.

सकाळच्या लांबलेल्या सेल्फपासून सुरुवात करू, कारण ते घरी, फुकटात तपासता येतं. चावी ऑनवर घ्या, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून पंपाची बारीक घरघर दोन-तीन सेकंद ऐकू येईल आणि थांबेल. चावी बंद करा, परत ऑन. असं तीन वेळा करून मग सेल्फ मारा. आता गाडी पटकन चालू झाली, तर रात्रभरात लाइनमधलं प्रेशर उतरतंय. ते उतरायला तीन वाटा आहेत: पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे फिरू न देणारी झडप), प्रेशर रेग्युलेटर, नाहीतर ठिबकणारा इंजेक्टर. म्हणजे इंजेक्टर दोषी असलाच, तरी तो चोक नाही, गळका आहे. मेसेज सांगतो त्याच्या बरोबर उलट! रेग्युलेटर इंजिनवरच्या रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) असेल तर त्याचा व्हॅक्यूम पाइप उपसून नाकाशी धरा. आत पेट्रोलचा ओलावा किंवा उग्र वास आला तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय.

आणि पंपाची घरघर ऐकूच आली नाही तर? मग फ्यूज, रिले आणि अर्थिंगची वायर बघा. कोकणातल्या खाऱ्या हवेत गंजलेल्या अर्थिंगने कितीतरी पंप फुकट बदलायला लावलेत.

पिकअपचं म्हणाल तर, सपाटीला बरी चालणारी आणि खंबाटकीच्या चढाला दम टाकणारी गाडी आधी पेट्रोल फिल्टर आणि टाकीतली जाळी दाखवते. रेलला प्रेशर गेज लावा. या जुन्या सिस्टिममध्ये साधारण अडीच ते तीन बार प्रेशर असतं. रेस दिल्यावर काटा खाली बसला, तर पेट्रोल इंजेक्टरपर्यंतच पुरेसं पोचत नाहीये. हा गेज लावायला मिस्त्री सहसा कंटाळतात, इंजेक्टर खोलायला मात्र तयार असतात. का, ते बिलावर कळतं. (गेज घरी लावू नका. बंद गाडीतही लाइनमध्ये प्रेशर असतं आणि गरम इंजिनवर उडालेलं पेट्रोल म्हणजे खेळ नव्हे.)

मिसिंगमध्ये तर फसगत आणखी मजेशीर आहे. प्लग, कॉइल किंवा एचटी वायर (कॉइलकडून प्लगला वीज नेणारी) कमजोर झाली की एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते. तिथला न वापरलेला ऑक्सिजन तसाच सायलेन्सरच्या वाटेने निघतो. ऑक्सिजन सेन्सर बिचारा ऑक्सिजनच मोजतो, न जळलेलं पेट्रोल त्याला मोजता येत नाही. तो कळवतो की पेट्रोल कमी पडतंय. ईसीएम इमानेइतबारे सगळ्या सिलिंडरांना पेट्रोल वाढवतो आणि अ‍ॅव्हरेज कोसळतं. स्कॅनरवर ‘लीन’ (पेट्रोल कमी) दिसलं की मिस्त्री म्हणतो, इंजेक्टर चोक! खरा दोष जुन्या प्लगांमध्ये असतो. रात्री अंधारात बॉनेट उघडून, गाडी चालू ठेवून एचटी वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. वायर फुटली असेल तर निळ्या ठिणग्या उडताना दिसतील. हात मात्र लांब ठेवा.

दिवा लागत नाही म्हणजे सेन्सर ठीक, हा मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा मुद्दा. सेन्सरचं रीडिंग अशक्य कोटीतलं झालं, वायर तुटली किंवा शॉर्ट झाली, तर या जुन्या ईसीएमला कळतं. सेन्सर पटेल असं खोटं बोलला तर बहुतेक वेळा कळत नाही. कूलंट टेम्परेचर सेन्सरचंच बघा. त्याचा रेझिस्टन्स 20 अंशांना साधारण 2 ते 2.5 किलोओहम असतो आणि 80 अंशांना 300 ओहमच्या आसपास उतरतो. समजा इंजिन 80 अंशांना तापलंय आणि सेन्सर दाखवतोय 1000 ओहम. ईसीएमच्या लेखी इंजिन अजून पंचेचाळीस अंशांच्या आसपासच आहे. पंचेचाळीस ही काही चुकीची संख्या नाही, म्हणून दिवा लागत नाही, आणि पेट्रोल मात्र जास्त सोडलं जातं. प्लग काळे, अ‍ॅव्हरेज कमी, धुराला पेट्रोलचा वास. साध्या मल्टीमीटरने हे पाच मिनिटांत सापडतं. इंजेक्टर कितीही चकचकीत करून आणा, यात काडीचा फरक पडणार नाही.

बॅटरीची वायर काढल्याने ईसीएमने साठवलेले दोषांचे कोड आणि त्याने शिकलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातात. दोन दिवस गाडी बरी वाटू शकते, मग दोष परत येतो. मध्यंतरी पुरावा गेलेला असतो. आधी कोड वाचून लिहून ठेवा. सुझुकीच्या जुन्या पद्धतीत डायग्नोसिस कपलरमध्ये (तपासणीच्या सॉकेटमध्ये) वायर जोडून चेक इंजिनच्या दिव्याची उघडझाप मोजतात. एक, थोडा थांबा, मग दोन, म्हणजे 12, म्हणजे कोड नाही.

रॉकेलबद्दल काय बोलायचं! ऑक्टेन खाली येतं, इंजिन नॉकिंग करतं (ठोकल्यासारखं वाजतं), इंजेक्टर साफ होत नाही. नका टाकू.

आता मेसेजच्या बाजूने. इंजेक्टर चोक होतातच. वर्षभर उभी राहिलेली गाडी, किंवा मुंबई-पुण्यात सतत सीएनजीवर चालवलेली आणि पेट्रोलवर क्वचित येणारी गाडी असेल, तर शंका रास्त आहे. तपासायचं असं: इंजिन गरम करून स्लोला ठेवा आणि एकेका इंजेक्टरचा कपलर काढून बघा. प्रत्येक वेळी आरपीएम सारखा पडायला हवा. ज्याचा कपलर काढून काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाहीये. प्लगची वायर उपसून ही चाचणी करू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन तो खराब होतो. त्या सिलिंडरचा प्लग आणि कॉम्प्रेशन (आतला दाब) ठीक निघालं, तरच इंजेक्टर खोला.

खोललेच तर साफ करण्याआधी मशीनवर लावून, प्रत्येक इंजेक्टर काचेच्या नळीत किती द्रव सोडतो ती पातळी स्वतः बघा. साफ झाल्यावरची पातळी सगळेच दाखवतात. साफ करण्याआधीच सगळ्या नळ्यांतली पातळी सारखी असेल तर तिथेच थांबायला सांगा. आणि परत बसवताना ओ-रिंग (इंजेक्टरवरच्या रबरी चकत्या) नव्या घालून घ्या. ई20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमधलं इथेनॉल त्या काळच्या रबराला मानवत नाही, आणि कडक झालेली जुनी रिंग दुसऱ्यांदा नीट बसत नाही.